डेबियनमध्ये आपण बदललेल्या फाइलींचे काय होते : दहा महिन्यांच्या वापरानंतर

नव्या सर्व्हरचा खर्च टाळण्यासाठी मी कार्यालयातील जुन्याच संगणकावर डेबियन १२ ही लिनक्सवर आधारलेली मोफत ऑपरेटिंग सिस्टिम बसवली. त्यावर एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर चालतो आणि मेलसाठी डव्हकॉट हा मेल सर्व्हर. डेबियनचे गुण येथे उगाळत नाही. ईटीसी (/etc) या मांडणीच्या, म्हणजे सेटिंगच्या, फाइली असलेल्या फोल्डरमधील ज्या फाइलींना आपण हात लावला, त्यांचे ही प्रणाली पुढे काय करते, एवढ्यापुरताच हा अनुभव आहे.

पहिल्याच महिन्यात मी वैतागलो. एन्जिनएक्सच्या मांडणीत पुरेसा घोळ घातल्यावर नव्याने सुरुवात करावी म्हणून मी त्याचे पॅकेज (डेबियनमध्ये प्रोग्रॅम ज्या गठ्ठ्यातून बसतो तो) रिमूव्ह केले, ईटीसीतील त्याचे फोल्डर हाताने पुसले आणि पॅकेज पुन्हा बसवले. मुख्य फाइल परत आलीच नाही आणि सेवा सुरू होईना. एक अख्खी संध्याकाळ गेल्यावर कारण कळले : डीपीकेजी या पॅकेजे बसवणाऱ्या-काढणाऱ्या डेबियनच्या साधनाच्या लेखी फाइल पुसणे हादेखील वापरकर्त्याने केलेला बदलच आहे, आणि बदल जपायचा म्हणजे पुसलेली फाइल पुसलेलीच ठेवायची. रिमूव्ह मांडणीच्या फाइली मागे ठेवते, पर्ज त्यांच्यासकट काढते; रिमूव्हऐवजी पर्ज केले असते, किंवा बसवताना डीपीकेजीला फोर्स-कॉन्फमिस (हरवलेली मांडणीची फाइल परत बसव) हा पर्याय दिला असता, तर ती परत मिळाली असती. नियम तर्कशुद्ध आहे, हे मान्य. परंतु ‘ही फाइल तुम्ही पुसली होती, म्हणून दिलेली नाही’ अशी एक ठळक ओळ शेवटी छापायला काय हरकत होती, हे मला आजही समजलेले नाही.

चार महिन्यांनी मत बदलले. दुसरा वेब सर्व्हर आजमावण्यासाठी एन्जिनएक्स काढले, तो पसंत पडला नाही, म्हणून तीन आठवड्यांनी ते परत आणले. या वेळी फोल्डरला हात लावलेला नव्हता, आणि माझ्या सर्व साइटींची मांडणी जशीच्या तशी जागेवर होती. पॅकेजने दिलेल्या मूळ फाइलीचा एमडी५ ठसा (फाइल बदलली की बदलणारी छोटी खूण) प्रणाली नोंदवून ठेवते. अपग्रेडच्या वेळी फाइल मीही बदललेली असेल आणि पॅकेजनेही बदललेली असेल, तरच ती प्रश्न विचारते. नुसते एंटर दाबले, तर जुनी फाइल राहते.

या एंटरनेच मला दगा दिला, असे डेबियन १३ वर जाताना काही तास वाटत होते. डव्हकॉटची फाइल मी विश्वासाने जुनीच ठेवली, आणि मेल बंद पडला, कारण तेथील डव्हकॉट २.४ ला २.३ ची मांडणी चालत नाही. डेबियन १३ सोबतच्या प्रकाशन-टिपांमध्ये हे स्पष्ट लिहिलेले आहे. त्या मी मेल बंद पडल्यानंतर वाचल्या. तेव्हा हा दोष प्रणालीच्या माथी मारणार नाही. तिने फाइल जपली होती. ती फाइल नव्या आवृत्तीला कळेल, अशी हमी कोणीच दिलेली नव्हती. नव्या आवृत्तीची प्रत शेजारीच वेगळ्या शेपटीने ठेवलेली सापडली, आणि तीत माझ्या अकरा ओळी नव्या पद्धतीने लिहायला दुपारचे तीन वाजले.

पाचपैकी चार तारे देतो. एक कापला आहे तो त्या न छापलेल्या ओळीसाठी. आता ईटीकीपर हे साधन बसवले आहे, त्यामुळे प्रत्येक अपग्रेडच्या आधी आणि नंतर संपूर्ण ईटीसीची नोंद गिट या फाइलींतील बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये होते. त्यालाही पैसे पडले नाहीत.