नागपुरात गॅलरीतला तीन दांड्यांचा एफएम अँटेना: आठ महिन्यांच्या वापरानंतर

पहिल्या मजल्याचा फ्लॅट, समोर सात मजली इमारत. विविध भारती १००.६ वर रेडिओच्या स्वतःच्या दांडीवर नुसती खरखर यायची. घरी बनवलेला यागी (ओळीने बसवलेल्या दांड्यांचा, एका दिशेचं जास्त पकडणारा अँटेना) डिसेंबरपासून गॅलरीत आहे, आता १००.६ स्टीरिओत स्वच्छ लागतं, पण त्यामागे दांड्यांपेक्षा जागेची कमाई जास्त.

मापं अशी: १० मिमी अॅल्युमिनियम नळी, मागची दांडी १५० सेंमी, पुढची १३२. मधली फोल्डेड डायपोल, म्हणजे टोकांना दुमडून बंद केलेली, जिला केबल जोडतात ती दांडी, लांबी १४२. मागची ते मधली ६० सेंमी, मधली ते पुढची ४५. फोल्डेडचा ३०० ओहमचा अवरोध यागीत पूर्ण राहत नाही, तरी चाराला एक बलून (अवरोध चौथ्या भागावर आणून अँटेना केबलशी जुळवणारा जोड) ऐकण्यापुरता चालतो. बलूनसाठी आत फोम असलेल्या आरजी-६ (टीव्हीला लागते ती) केबलचा १२४ सेंमी तुकडा. हेच माप आत फोमऐवजी भरीव प्लास्टिक असलेल्या केबलला लावलं की सगळं फसतं, तिथे ९८ सेंमी लागतात. बहुतेकांचा घोळ इथेच होतो.

अँटेनाचं तोंड टॉवरच्या दिशेला केलं म्हणजे झालं, असं समजू नका. आडोशामागे येणारी लहर बरेचदा बाजूच्या भिंतीवर आपटून येते, म्हणून हळूहळू पूर्ण फिरवून बघा. इथे सर्वात स्वच्छ आवाज टॉवरच्या दिशेपासून ५० अंश बाजूला वळवल्यावर मिळाला. मग तोच अँटेना ७० सेंमी वर सरकवला आणि स्टीरिओची सरसर गेली. थेट आणि परतलेली लहर एकमेकींना खातात, त्यामुळे चांगली-वाईट जागा हातभर अंतरावर असते. तरीही सरसर राहिली तर मोनो करा, त्याला सिग्नल बराच कमी पुरतो.

स्वस्तातला बूस्टर लावून काढला. जवळची जोरदार स्टेशनं डायलवर भलत्याच ठिकाणी ऐकू येऊ लागली, हवं ते मात्र तसंच.

संक्रांतीत मांजा अडकून पुढची दांडी वाकली, हाताने सरळ झाली. एप्रिलमध्ये खिडकीत लोखंडी कूलर बसला आणि सिग्नल पडला. अँटेना त्याच्यापासून दीड मीटर दूर नेल्यावर परत आला. मे महिन्याच्या उन्हात साध्या काळ्या टेपचा गोंद वितळून कनेक्टर उघडा पडला, जुलैत पाणी शिरलं. केबलमधली तारेची जाळी काळी पडली होती, ३० सेंमी केबल कापावी लागली. आता स्वतःला चिकटणारा रबरी टेप आहे, आणि केबल कनेक्टरच्या खाली लोंबती ठेवून मग आत घेतली आहे. तांब्याची तार अॅल्युमिनियमवर थेट कसू नका, पांढरी भुकटी धरते. मध्ये स्टेनलेसचा वॉशर घाला.

वीज कडाडायला लागण्याआधीच केबल रेडिओतून काढून ठेवा. गच्चीवर लावणार असाल तर खांबाला अर्थिंग हवंच.