लांबच्या प्रवासाला बुटकी क्रूझर की उंच टूरर? सोलापूरहून दोन्हींवर फिरल्यानंतर

माझा भाचा दिवाळीपासून दोन मोटरसायकलींत अडकलाय. एकीकडे बुटकी, ऐसपैस सीटची क्रूझर. दुसरीकडे उंच, ताठ बसायची ॲडव्हेंचर टूरर. दोन्ही प्रकार मी स्वतः वापरलेत. क्रूझर साडेचार वर्षं होती, उंच गाडीला येत्या उन्हाळ्यात तीन वर्षं होतील. फोनवर त्याला तुकड्या-तुकड्यांत जे सांगितलं ते सलग लिहून काढतोय, कारण हाच प्रश्न गेल्या महिन्यात आणखी दोघांनी विचारला.

सीसी, ताकद, ॲव्हरेज यांत शिरत नाही. गाडी बघायला निघालेल्या माणसाला ते आकडे पाठ असतात. एकच आकडा डोक्यात असू द्या, सीटच्या उंचीचा. क्रूझर प्रकारातल्या मिटिऑर ३५० ची सीट ७६५ मिलिमीटरवर आहे, ॲव्हेंजर क्रूझ २२० ची ७३७ वर. उलट बाजूला हिमालयन ४५० ची ८२५, तीच वर घेतली की ८४५. व्ही-स्ट्रॉम एसएक्सची ८३५. फरक सहा ते अकरा सेंटिमीटरचा, पण घेणाऱ्याचा निर्णय बहुतेक वेळा त्यातच होतो. माझ्या दोन्ही गाड्या कोणत्या कंपनीच्या, ते मुद्दाम लिहीत नाही. माझं म्हणणं बसण्याच्या ठेवणीबद्दल आहे आणि ती ठेवण त्या-त्या प्रकारात सगळीकडे कमी-अधिक तशीच असते.

माझी उंची पाच फूट पाच इंच. शोरूममध्ये क्रूझरवर बसलो तेव्हा दोन्ही टाचा जमिनीला टेकल्या, हँडल आपणहून हातात आलं, सीट गादीसारखी वाटली. शेजारच्या उंच गाडीवर चढलो तर चवडे कसेबसे टेकत होते. पाच मिनिटांत ठरलं. घरी कुणी काही विचारलं नाही, कारण बायकोलाही तीच आवडली होती. मागे टेकायला पाठ होती आणि साडी नेसून एका बाजूला बसता येत होतं.

क्रूझरबद्दल वाईट बोलणं माझ्याकडून होणार नाही. तुळजापूर ४५ किलोमीटर, अक्कलकोट ४०, पंढरपूर सत्तरच्या आसपास. या टप्प्यात त्या गाडीसारखं सुख दुसरं नाही. सोलापुरातल्या सात रस्ता चौकाच्या गर्दीत पाय टेकत-टेकत निघायचं, मंदिरापाशी उतारावर लावायची, मागच्या माणसाला घेऊन वळवायची, सगळं हलक्या हाताने होतं. एअरकूल्ड इंजिन असल्यामुळे रेडिएटर नाही, गावातला खर्चही कमी. तुमचं फिरणं शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या आतलं असेल आणि वर्षातून एखाद्याच वेळी लांब जायचं असेल, तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल, खुशाल क्रूझर घ्या.

माझं बिनसलं ते कर्नाटकातल्या कोल्हारच्या पुलावर. आम्ही दोघं बदामीला निघालो होतो. पहाटे पाचला जुळे सोलापूर सोडलं, टाकळीला भीमा ओलांडली तेव्हा नुकतं उजाडत होतं. विजापूरला चहा-इडली. तोवर फक्त पाठ जरा भरून आली होती. विजापूर सोडून पाऊण-एक तासाने कृष्णेवरचा तो लांबलचक पूल लागतो, खाली अलमट्टीच्या धरणाचं पाणी पसरलेलं. पूल म्हटला की सांधे आलेच, ठरावीक अंतरावर एकेक. गाडी ऐंशीच्या आत होती. पुढचं चाक सांध्यावर गेलं की हँडलला टक्, आणि लगेच मागचं चाक गेलं की माकडहाडाला ठणका. टक्-ठण, टक्-ठण. सातव्या-आठव्या सांध्यापासून मी पुढचा सांधा दिसला की श्वास धरायला लागलो. पाणी केवढं होतं, पक्षी होते का, काही बघितलं नाही. पूल संपल्यावर गाडी कडेला घेतली आणि दहा मिनिटं नुसता उभा राहिलो. बायकोही उतरून कंबर धरून उभी होती. तिने विचारलं, "अहो, असंच परत यायचंय का?" तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं.

बदामीत लेण्यांच्या पायऱ्या चढताना काही वाटलं नाही, पण रात्री जेवायला खुर्चीत बसवेना. परत आल्यावर डॉक्टरांनी मधे भोक असलेली उशी वापरायला सांगितली आणि तीन आठवडे गाडी बंद ठेवायला लावली.

मग मी दीड वर्ष उपाय करत राहिलो. आधी घरातल्या सोलापुरी चादरीची चौघडी करून सीटला बांधली. पहिले वीस-पंचवीस किलोमीटर फार बरं वाटलं, मोहोळच्या पुढे ती सरकायला लागली. मग जेलची गादी घेतली. एप्रिलच्या उन्हात ती इतकी तापायची की थांबून उठलो तर परत बसवत नसे. मग सीटवाल्याकडे जाऊन आतला फोम बदलून घेतला, मऊच्या जागी कडक. यातून मात्र एक गोष्ट कळली आणि ती दोन्ही प्रकारच्या गाड्यांना लागू आहे. शोरूममध्ये जी सीट बोटाने दाबली की आत जाते, ती तासाभरात पार दबून बसते आणि खालचा तळ लागायला लागतो. कडक वाटणारी सीट तीन तासांनंतरही तेवढीच राहते. फोमने त्रास निम्मा झाला. पुलाचे सांधे मात्र तसेच लागत राहिले.

कारण गादीत नव्हतंच. घरी करून बघा: खुर्चीत बसा, पाय समोरच्या स्टुलावर लांब ठेवा आणि हात न टेकता उठा. उठता येत नाही. क्रूझरचे फूटरेस्ट कमरेच्या पुढे असतात, त्यामुळे पायांवर वजन घेताच येत नाही. कंबर मागे कलंडते, कण्याचा खालचा भाग गोल होतो आणि धडाचा सगळा भार माकडहाडावर उतरतो. त्यात सीट खाली आणायची म्हणजे मागच्या चाकाला वर-खाली व्हायला जागा कमी उरते, म्हणून शॉकॲब्सॉर्बरलाही फार हलता येत नाही. खड्डा दिसतोय, येतोय, आणि आपण काहीच करू शकत नाही, ही जी असहायता आहे तिने मला दुखण्यापेक्षा जास्त थकवलं.

उंच गाडीत फूटरेस्ट बऱ्यापैकी बुडाखाली येतात. सांधा किंवा खड्डा दिसला की गुडघे जरा दाबायचे, बूड सीटवरून चार बोटं उचलायचं, धक्का पाय घेतात. वर सस्पेन्शनची हालचालही मोठी. हिमालयन ४५० मध्ये ती पुढे आणि मागे २०० मिलिमीटर आहे. दोन वर्षांनी त्याच पुलावर मी दुसरी गाडी घेऊन गेलो. पहिला सांधा आला तसा उठलो, मग बसलोच नाही, गुडघे सैल सोडून अर्धा पूल उभ्यानेच पार केला. दोन्ही बाजूंना पाणी क्षितिजापर्यंत होतं, मधे एक होडी होती. मागून बायको खांद्यावर थाप मारून दाखवत होती. माझ्यासाठी निर्णय तिथे झाला असं म्हणायला हरकत नाही, गाडी आधीच घेतलेली असली तरी.

या उठण्या-बसण्याचा दुसरा फायदा नंतर कळला. लांबच्या रस्त्यावर शरीर आखडतं ते एकाच अवस्थेत राहिल्याने. पुण्याला जाताना टेंभुर्णी ते इंदापूर मी अधूनमधून एखादा मिनिट उभा राहून चालवतो, रक्त फिरतं, मांड्या मोकळ्या होतात. क्रूझरवर पुणे गाठायला चार थांबे लागायचे, आता दोन पुरतात. हे माझ्या शरीराचं मोजमाप झालं, तुमचं वेगळं असू शकेल. शिवाय उंचावरून पुढचं दिसतं. आपल्या जिल्ह्यात ऊसतोडीच्या दिवसांत संध्याकाळनंतर रस्त्यावर किती ट्रॉल्या असतात आणि त्यातल्या कितींना मागे दिवा असतो, हे कुणाला सांगायला नको. कारच्या टपावरून पलीकडे नजर जाणं ही तेव्हा चैन राहत नाही.

आता उंच गाडीने काय-काय मागितलं तेही सांगतो.

पहिले दोन महिने मी घाबरत चालवली. एका उताराच्या पेट्रोल पंपावर डावा पाय टेकायला गेलो तर खाली जमीनच नव्हती, गाडी आडवी झाली आणि इंडिकेटर तुटला. जवळपास दोन क्विंटलचं धूड एकट्याने उचलवत नाही, पंपावरची पोरं धावली. त्यानंतर विजापूर रोडवरच्या एका मोकळ्या प्लॉटवर रविवारी पहाटे जाऊन फक्त थांबायचा सराव केला: दोन्ही पाय टेकायचा हट्ट सोडायचा, बूड जरा डावीकडे सरकवायचं आणि डावा तळवा पूर्ण टेकवायचा, उजवा पाय ब्रेकवर. पंधरा दिवसांत हात बसला. काही जण लिंकेज, म्हणजे मागच्या शॉकॲब्सॉर्बरला जोडणारे दांडे, बदलून गाडी खाली करून घेतात. ते मी केलं नाही, कारण मग साइड स्टँड लांब पडतो, गाडी उभीच राहायला लागते आणि सस्पेन्शनचं गणितही बिघडतं. ज्या फायद्यासाठी ही गाडी घ्यायची तोच कमी करून कसं चालेल? उंची फारच आड येत असेल तर जाड तळव्याचे बूट आधी वापरून बघा.

मागच्या माणसाचा प्रश्न खरा आहे आणि इथे क्रूझरचं पारडं जड आहे. साडीत उंच गाडीवर चढणं अवघड. बायको आता लांब जाताना सलवार-कमीज घालते, माझ्या खांद्यावर हात, डावा पाय फूटरेस्टवर, मग उजवा पलीकडे. तिला टेकायला पाठ नव्हती, म्हणून मागे टॉप बॉक्स लावला आणि त्याला गादी बसवून घेतली. पण घरातलं कुणी गुडघेदुखीने बेजार असेल आणि तुमच्या प्रत्येक प्रवासात सोबत असणार असेल, तर माझं मत बाजूला ठेवा. रोजच्या चढण्या-उतरण्याला किंमत आहे.

उन्हाळ्याचं म्हणाल तर दोन्हींत सोसावंच लागतं. रेडिएटरवाल्या गाडीचा पंखा सुरू झाला की मे महिन्यात नडग्यांवर भट्टीची हवा येते, आणि गावातल्या सिग्नलवर ते क्रूझरपेक्षा नक्कीच जास्त जाणवतं. मी पहाटे साडेचारला निघतो, गळ्याला ओला टॉवेल गुंडाळतो, अकराच्या आत पोहोचतो किंवा कुठेतरी सावली धरतो. त्याला गाडी बदलून इलाज नाही.

टायरबद्दल एकच. कोणतीही घ्या, ट्यूबलेस घ्या. आपल्याकडे रस्त्याच्या कडेला वेडी बाभूळ आहे, गाडी बाजूला उतरवली की काटा लागलाच समजा. ट्यूबलेस असेल तर प्लग मारून दहा मिनिटांत पुढे, ट्यूब असेल तर चाक काढण्यापासून सुरुवात. आणि बाजूच्या पेट्या लावणार असाल तर त्यांची रुंदी आधी मोजा. टोलनाक्यावर दुचाकीला पैसे नसतात, पण डावीकडची जी बोळ असते तिच्यात पेटी घासते.

भाच्याने शेवटी विचारलं, "मामा, तुम्ही माझ्या जागी असता तर?" त्याचं लग्न ठरलंय, हंपी, हैदराबाद, मग सांगोला-मिरजेवरून कोकण असे बेत आहेत, उंची माझ्याएवढीच. मी म्हटलं, मी असतो तर उंच गाडीच घेतली असती, आणि पहिले दोन महिने धीर धरला असता. तरी माझ्या शब्दावर घेऊ नकोस. टेस्ट राइडला शोरूमच्या मागच्या गल्लीत दोन फेऱ्या मारून परत येऊ नकोस. ओळखीतल्या कुणाची गाडी मिळाली तर सर्वांत बरं. सकाळी विजापूर रोडने भीमेच्या पुलापर्यंत जा आणि परत ये. दोन्ही गाड्या, वेगवेगळ्या दिवशी. पुलावर एकदा बसून जा, येताना उठून बघ, उठता येतंय का ते. होणारी बायको तयार असेल तर तिलाही ने, आणि तिला कसं वाटलं ते उतरल्या-उतरल्या विचारू नकोस, दुसऱ्या दिवशी सकाळी विचार.