क्लावन, १७ नंबर : गुलमंडीजवळच्या जर्सी छपाईचा रिव्ह्यू

फुटबॉलपटू सलाहचं नाव इथे जर्सीवर डोळे झाकून छापायला द्यावं, रोजचंच काम आहे. दुकानाचा कस लागतो तो राग्नार क्लावनसारखं नाव दिल्यावर.

हा एस्टोनियाचा माजी डावखुरा सेंटर बॅक, म्हणजे बचावफळीच्या मधला खेळाडू. देशाची लोकसंख्या जेमतेम १३ लाख, म्हणजे साधारण आपल्या संभाजीनगरएवढी. देशाकडून १२० हून जास्त सामने खेळला. २०१६ मध्ये जर्मनीतल्या आउग्सबुर्गहून इंग्लंडच्या लिव्हरपूल क्लबला आला, २०१८ मध्ये इटलीच्या काल्यारीला गेला. १ जानेवारी २०१८ ला बर्नलीविरुद्ध ९४ व्या मिनिटाला सहकारी लोवरेनने डोक्याने वळवलेला चेंडू यानेही डोक्यानेच आत ढकलला, लिव्हरपूल २-१ ने जिंकलं. प्रीमियर लीग या इंग्लंडच्या अव्वल लीगमधला एस्टोनियन खेळाडूचा तो पहिला गोल.

म्हणून जर्सी २०१७-१८ चीच हवी. त्याच मोसमात लीगने नाव-नंबरचा फॉन्ट बदलला. दुकानाच्या फाइलमध्ये मात्र जुनाच फॉन्ट आहे आणि विचारल्याशिवाय तोच लागतो. नवीन फॉन्टची फाइल आपणच न्यावी, पाच मिनिटांत चढवून देतात.

दुसरी चूक अंतराची. के, एल, ए, व्ही, ए, एन. मधली तीन अक्षरं तिरप्या काठांची. सगळीकडे सरसकट ३ मिमी सोडले की तिथे भगदाड पडतं आणि नाव विस्कटलेलं दिसतं. व्हीच्या दोन्ही बाजूंचे ए आत सरकवायला सांगा, अक्षरांच्या चौकटी एकमेकींवर चढल्या तरी चालतात. गरम प्रेसखाली जाण्याआधी जर्सी टेबलावर पसरून चार पावलं मागून बघा. एकदा चिकटलं की संपलं.

खरी गोची तापमानाची. कामगार प्रेस १६० अंशांवर ठेवून १५ सेकंद दाबतो. सुती टी-शर्टला ठीक, पण लिव्हरपूलच्या जर्सीच्या लाल पॉलिस्टरचा रंग त्या उष्णतेने सुटतो आणि वरच्या पांढऱ्या व्हिनाइलमध्ये, म्हणजे अक्षरं ज्यातून कापतात त्या प्लॅस्टिकच्या पातळ शीटमध्ये, चढतो. दुकानात अक्षरं पांढरीशुभ्र, दोन-तीन दिवसांत गुलाबी! १३० अंशांवर चिकटणारं व्हिनाइल मागा, नाहीतर रंग अडवणारा राखाडी थर असलेलं. या थरवाल्याचे ६० रुपये जास्त पडतात. द्यावेत.

कटिंग मात्र सुरेख. ए च्या पोटातला त्रिकोणसुद्धा कोपऱ्याला न फाटता निघतो, ब्लेड वेळेवर बदलतात हे दिसतं. नाव-नंबर मिळून २५० रुपये, तासाभरात हातात.

पहिले २४ तास धुवू नका. नंतर उलटी करून गार पाण्यात धुवा. बोअरच्या जड पाण्यात पावडर नीट विरघळत नाही, अक्षरांच्या कडेला पांढरी किनार धरते, तेव्हा लिक्विड वापरा. मे महिन्यात पत्र्यावर वाळत टाकाल तर कडा उचलणारच, सावलीत दोरीवर टाका.