कलमी जास्वंद घेताना फूल नंतर बघा, आधी बुंधा

नर्सरीत सहा इंची कुंडीतली संकरित जास्वंद दिसली की हात पुढे जातोच. झुडूप जेमतेम गुडघ्याएवढं आणि त्यावर बशीएवढं दुरंगी फूल! माल वाईट नाही. पण कुंडीत दिसतं तेच रूप पुढे टिकेल असं धरून चालू नका. अशा रोपांना बऱ्याचदा पॅक्लोब्युट्राझोल किंवा क्लोरमेक्वाटसारखं वाढरोधक दिलेलं असतं. त्याने पेरं आखूड राहतात आणि झाड ठेंगणं, भरगच्च दिसतं. काही महिन्यांत असर ओसरला की त्याच फांद्या लांब पेरांनी उंच सुटतात. झाड बिघडलेलं नसतं, ती त्याची मूळ चाल असते. कुंडीवरच्या चिठ्ठीत याचा उल्लेख क्वचितच सापडतो, ही मोठी तक्रार.

घेताना कलमाचा सांधा शोधा, म्हणजे खालच्या साध्या जास्वंदीच्या खुंटावर वरचा वाण जोडलेली जागा. तो मातीच्या वर, घट्ट जुळलेला आणि चीर नसलेला हवा. सांध्याखालून फुटवा आला असेल तर तो खुंटाचा. वेळीच मुळापासून खुडला नाही तर वर्षभरात खुंट जोर धरतो, कलम मागे पडतं आणि महागाचं झाड साधी फुलं द्यायला लागतं. मग पानं उलटून बघा, कळीच्या देठाशी बघा. कापसासारखा पांढरा पुंजका म्हणजे पिठ्या ढेकूण. फांदीवर मुंग्यांची रांग दिसली तर पुंजका न दिसताही शंका घ्यावी. कुंडीच्या भोकांतून मुळांचा जाड गुंता बाहेर आलेला असेल तर ते रोप सोडून द्या.

आणल्या आणल्या कुंडी बदलू नये. आठ-दहा दिवस सकाळच्या उन्हात रुळू द्या, तोवर थोड्या कळ्या गळतील. नंतर दहा ते बारा इंची कुंडीत चार भाग बागेची माती, तीन भाग गांडूळखत, दोन भाग कोकोपीट आणि एक भाग जाड वाळू असं मिश्रण घ्या. सांधा पुरला जाऊ देऊ नका. मूळ गोळा नुसत्या कोकोपीटचा असेल तर बाहेरची माती ओली आणि आतला गोळा कोरडा असा प्रकार होतो. पाणी घालूनही रोप मलूल का, याचं उत्तर पुष्कळदा इथेच असतं. अशा वेळी कुंडी अर्धा तास पाण्यात बुडवून ठेवा, मग पूर्ण निथळू द्या.

ऊन रोज पाच-सहा तास हवं. खतात पोटॅश महत्त्वाचं. डीएपी हे भरपूर स्फुरद (फॉस्फरस) असलेलं खत मात्र टाळा. स्फुरद जास्त झालं की लोह मिळेनासं होतं आणि कोवळी पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात.

कळीगळ ही या झाडाची खरी डोकेदुखी. पाण्याची ओढ, एकदम वाढलेली उष्णता आणि फुलकिडे ही नेहमीची कारणं. पण गळालेली कळी ब्लेडने उभी चिरून बघाच. आत बारीक पांढुरक्या अळ्या वळवळत असतील, एखादी उडीही मारेल, तर ती कळीमाशी. या अळ्या मातीत उतरून कोष करतात, म्हणून गळालेल्या कळ्या रोज वेचून पिशवीत बंद करून टाका. कंपोस्टमध्ये तर अजिबात नको. पिठ्या ढेकणावर लिटरभर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि थोडा पातळ साबण मिसळून, संध्याकाळी, आठवड्याच्या अंतराने तीनदा फवारणी करा.

फूल नव्या फुटीवरच येतं, त्यामुळे छाटणीची भीती नको. फांदीचा तिसरा हिस्सा, बाहेर वळलेल्या डोळ्याच्या (नवी फूट येते त्या जागेच्या) किंचित वर, तिरका छाटा. कलमी झाडाच्या सगळ्या फांद्या एकदम मात्र नाही.

फुलांच्या संख्येत साधी लाल जास्वंद कलमीला सहज मागे टाकते, आणि ती छाट कलमांनी, म्हणजे मातीत खोचलेल्या फांदीच्या तुकड्यांनी, घरीच वाढते. कलमीचं फूल मोठं, अनेक वाणांत दोन दिवसही टिकतं, पण उन्हाच्या कडाक्यात रंग फिका पडतो. चित्रातल्या रंगावरून वाण निवडणाऱ्यांची फसगत होते ती त्यामुळेच.

‘चहासाठी उपयुक्त’ अशी चिठ्ठी दिसली तर दुर्लक्ष करा. तो आंबट लाल चहा लाल अंबाडीच्या मांसल पुष्पकोशाचा (फुलाच्या तळाशी असलेल्या लाल वाटीचा) असतो. आणि नर्सरीतून नुकत्या आलेल्या झाडावर कोणती फवारणी झालीय हे कळायला मार्ग नसतो. त्यावरची सुरुवातीची फुलं बघण्यापुरतीच ठेवा.