जंगल बूट: गौताळ्याच्या रानात किती चालतात?

शिकारी लोक गाडीरस्ता सोडून आडरानात पायी शिरतात, तेव्हा त्यांच्यातले काही जण कॅनव्हास आणि चामड्याचे जंगल बूट घालतात. आपल्याकडे १९७२च्या कायद्याने शिकार बंद आहे, पण कन्नडजवळच्या गौताळा अभयारण्यात किंवा अंतूर किल्ल्याच्या वाटेवर चालणाऱ्यांनाही हेच बूट कामी येतात.

यांची खरी करामत आतल्या बाजूच्या दोन छिद्रांत आहे. ओढा ओलांडला की प्रत्येक पावलागणिक पाणी तिथून बाहेर फेकलं जातं. वॉटरप्रूफ बुटात वरून शिरलेलं पाणी आतच अडकतं आणि पाय फुगतो.

तळवा मात्र बघूनच घ्या. आपली काळी माती ओली झाली की चिकट होते. अरुंद, खोल खाचांत ती गच्च बसते, बूट जड होतो आणि खडकावर पाय सटकतो. तिरक्या, रुंद खाचांचा 'पनामा' तळवा चिखल झटकतो. तरीही खाचांतला चिखल काढायला काडी जवळ असू द्या.

मोठी उणीव कुसळांची! पावसाळा सरला की कुसळी गवताची टोकं कॅनव्हासमधून आणि मोज्यांमधून आरपार घुसतात. वर घट्ट विणीचे गेटर, म्हणजे बुटाचा वरचा भाग आणि पोटरी झाकणारी आवरणं, हवेतच.

माप संध्याकाळी, जाड मोजे घालून बघा. उतारावर अंगठा पुढे टेकता कामा नये. बूट चुलीजवळ वाळवू नका, चामडं तडकतं आणि तळव्याचा डिंक सुटतो. सावलीत, आत कागद कोंबून वाळवा.

उन्हाळ्यातल्या कोरड्या, दगडी वाटांसाठी मी हे सुचवणार नाही.