थर्मल चेंबरवालं रोटेशनल व्हिस्कोमीटर: साइट लॅबमधला वापर

गेल्या पावसाळ्याआधी आमच्या साइट लॅबला हे मशीन आलं. गरम डांबरात दांडी फिरवून ते डांबराचा दाटपणा, म्हणजे व्हिस्कॉसिटी, मोजतं. व्हीजी-30 (रस्त्याचं साधं डांबर) आणि पीएमबी (पॉलिमर मिसळलेलं डांबर), दोन्ही तेव्हापासून यावरच तपासतोय.

साध्या व्हीजी-30 वर मशीनचा कस लागतच नाही. 135 अंशांना 21 नंबरचं स्पिंडल (म्हणजे ती फिरणारी दांडी) लावून 20 आरपीएमला घ्या नाहीतर 50 ला, आकडा जवळपास तोच येतो. गंमत पीएमबीची. 27 नंबरच्या स्पिंडलवर 20 वरून 50, मग 100 आरपीएम केलं की व्हिस्कॉसिटी डोळ्यांदेखत उतरते. पॉलिमरचं जाळं ढवळण्याच्या वेगाबरोबर ढिलं होतं, त्याचा हा परिणाम. तापमान 165 च्या पुढे नेलं की हा फरक बराच आटतो. त्यामुळे रिपोर्टवर स्पिंडल आणि आरपीएम लिहिलेलं नसेल तर पीएमबीच्या एकट्या आकड्याला मी तरी विचारत नाही.

मिक्सिंगचं, म्हणजे डांबर खडीत मिसळण्याचं, तापमान काढायची जुनी रीत, म्हणजे तापमान-व्हिस्कॉसिटीच्या आलेखावर 0.17 पास्कल-सेकंदाला (हे व्हिस्कॉसिटीचं एकक) रेघ मारायची, व्हीजीला चोख चालते. पीएमबीला तीच लावली तर उत्तर कधी कधी 180 च्याही वर जातं. तेवढं तापवलं तर पॉलिमरच खराब व्हायचा. तिथे पुरवठादाराने दिलेलं तापमानच धरतो. मात्र 135 ला 3 पास्कल-सेकंदांची सुपरपेव्हची (डांबर निवडायच्या अमेरिकन पद्धतीची) मर्यादा पंपिंगचा अंदाज घ्यायला उपयोगी पडते.

आता कटकटी. डिस्प्लेवर तापमान पटकन येतं, पण आतलं डांबर मागेच असतं. स्पिंडल बुडवून अर्धा तास तरी थांबावं लागतं; घाईत घेतलेला आकडा जास्तच दिसतो. टॉर्क (स्पिंडल फिरवायला लागणारा जोर) मशीनच्या क्षमतेच्या 10 टक्क्यांच्या खाली असेल तर स्पिंडल बदला, उगाच आकडा लिहू नका. सॅम्पल ओतताना बुडबुडे राहिले की काटा थरथरतो. सीआरएमबीमधले (रबराची भुकटी मिसळलेल्या डांबरातले) रबराचे कण स्पिंडल आणि चेंबरमधल्या फटीत अडकतात, रीडिंग स्थिर व्हायचं नाव घेत नाही. सफाई तर विचारूच नका! सॅम्पल ओतायचं चेंबर डिस्पोजेबल घ्या, स्पिंडल गरम असतानाच पुसा. आमच्याकडे साइटवरच्या व्होल्टेजने कंट्रोलर एकदा गेला आणि सर्व्हिसवाल्याने फोन उचलायलाच आठवडा लावला. स्टॅबिलायझर आधी, मशीन नंतर.

60 अंशांच्या आसपास रस्ता चाकोरी धरेल का, हे यावर कळत नाही. त्याला डीएसआर (डायनॅमिक शिअर रिओमीटर) हे वेगळं मशीन हवं, आणि त्याची किंमत ऐकून आमचे साहेब अजून गप्पच आहेत. प्लांटवरच्या रोजच्या तपासणीला मात्र हे पुरतं. घेताना मशीन बरोबर मोजतंय का हे तपासायच्या प्रमाणित सिलिकॉन तेलाची बाटली त्याच ऑर्डरमध्ये टाका, मागाहून मंजुरी मिळत नाही.