क्रूझवरील टिप: आधी भरावी, खात्यावर राहू द्यावी की हातात द्यावी?

नागपूरहून क्रूझला जायचे तर आधी समुद्र गाठावा लागतो, आणि त्यासाठी आपल्याकडील बहुतेक कुटुंबे दोनपैकी एक वाट धरतात: विदर्भ एक्सप्रेस किंवा दुरांतोने मुंबई गाठून तेथून गोवा वा लक्षद्वीपकडे निघणारे भारतीय जहाज, नाहीतर विमानाने सिंगापूरला जाऊन तेथून तीन-चार रात्रींची परदेशी जहाजाची फेरी. भाडे, व्हिसा आणि बंदरांवरील सहली यांचा हिशोब महिनाभर आधीच मांडलेला असतो. जेवण वाढणाऱ्या आणि केबिन आवरणाऱ्या कर्मचाऱ्यांना द्यावयाच्या टिपचा हिशोब मात्र त्यात सहसा नसतो. ही बाब किरकोळ नाही. मोठ्या अमेरिकी कंपन्यांच्या जहाजांवर साध्या केबिनसाठी माणशी दिवसाला साधारण १६ ते २० डॉलर आकारले जातात. १८ डॉलर धरले तरी चौघांचे चार रात्रींचे २८८ डॉलर होतात, आणि डॉलर ८७ रुपयांचा मानला तर ही रक्कम २५ हजार रुपयांच्या घरात जाते.

या रकमेला जहाजावर ‘ग्रॅच्युइटी’ म्हणतात. निवृत्तीच्या वेळी मिळणारी ती ग्रॅच्युइटी, एवढाच अर्थ ठाऊक असलेल्या आपल्या घरांत हा शब्द पहिल्यांदा ऐकल्यावर गोंधळ होतो, कारण येथे ती मिळायची नसून द्यायची असते. नॉर्वेजियन क्रूझ लाइन तिला सेवाशुल्क म्हणते, प्रिन्सेस आणि हॉलंड अमेरिका या कंपन्या ‘क्रू अप्रिसिएशन’ म्हणतात. नाव कोणतेही असले तरी रक्कम रोज प्रत्येक प्रवाशाच्या जहाजावरील खर्चाच्या खात्यावर आपोआप चढत जाते आणि शेवटच्या हिशोबात एकत्र दिसते.

आपल्या मनाची घडण याच्या नेमकी उलट आहे. धरमपेठेत किंवा सदरमध्ये जेवण झाल्यावर बिलासोबत आलेल्या बडीशेपेच्या वाटीत आपण राजीखुशीने एखादी नोट ठेवतो. दिवाळीला कचरा नेणाऱ्यापासून पोस्टमनपर्यंत सर्वांना बोजारा देतो, पण तो किती द्यायचा हे आपण ठरवतो. हॉटेलांनी बिलात सेवाशुल्क आपोआप लावू नये, अशी मार्गदर्शक तत्त्वे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी काढली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी ती उचलून धरली, हेही आता अनेकांना माहीत आहे. त्यामुळे जहाजावरील आपोआप लागलेली रक्कम पाहून पहिली प्रतिक्रिया ‘हे बेकायदा आहे’ अशी होते. परंतु ही जहाजे बहामा, पनामा, माल्टा अशा देशांच्या ध्वजाखाली चालतात. तिकीट काढताना प्रवासी कंपनीच्या अटी मान्य करतो, आणि ही टिप त्या अटींतच लिहिलेली असते. म्हणून आपल्या हातात उरणारा निर्णय एवढाच की ती कशी द्यावी.

पहिले दोन मार्ग एकमेकांच्या जवळचे आहेत. एकात प्रवासापूर्वीच, तिकिटासोबत, पूर्ण टिप भरली जाते. दुसऱ्यात ती रोज खात्यावर चढू द्यायची आणि शेवटी कार्डाने किंवा रोखीने चुकती करायची. आधी भरण्याचा फायदा असा की साधारणपणे भरतानाचा दर कायम राहतो, मधल्या काळात कंपनीने तो वाढवला तरी झळ बसत नाही. आणि नागपुरातल्या एजंटमार्फत भरल्यास रुपयांतला आकडा आधीच हाती येतो. खात्यावर ठेवल्यास शेवटी परकीय चलनातला खर्च क्रेडिट कार्डावर पडतो आणि बहुतेक बँका त्यावर दोन ते साडेतीन टक्के अधिभार व त्यावर जीएसटी लावतात, म्हणजे वरच्या उदाहरणात पाचशे ते हजार रुपये विनाकारण जातात. खात्यावर ठेवण्याच्या बाजूने एकच मुद्दा सांगितला जातो: सेवा वाईट मिळाली तर रक्कम कमी करून घेता येते. तो फारसा टिकत नाही, कारण आधी भरलेली रक्कमसुद्धा अनेक कंपन्या जहाजावर असताना विनंतीवरून कमी करून देतात. आणि सेवा वाईट असेल तर शेवटच्या दिवसापर्यंत थांबण्यापेक्षा दुसऱ्याच दिवशी गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर तक्रार केल्याने सुट्टी वाचते. निवृत्तिवेतनावर काटेकोर हिशोब ठेवणाऱ्या जोडप्याने तर आधीच भरावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

लहान मुले सोबत असतील तर आणखी एक गोष्ट तिकीट काढण्यापूर्वी विचारून घ्यावी. रॉयल कॅरिबियन वयाचा विचार न करता प्रत्येक प्रवाशामागे टिप आकारते. कार्निव्हल दोन वर्षांखालील आणि नॉर्वेजियन तीन वर्षांखालील बालकांना सोडते. अडीच वर्षांच्या नातवासाठी मोठ्या माणसाएवढी टिप भरताना आजोबांचा चेहरा कसा होतो, हे मी पाहिले आहे.

तिसरा मार्ग म्हणजे आपोआप लागलेली टिप काउंटरवर जाऊन काढून टाकायची आणि ज्यांनी आपली सेवा केली त्यांच्या हातात स्वतः रोख द्यायची. आपल्या संस्कारांना हाच सर्वांत जवळचा वाटतो. ‘ज्याने केले त्याला मिळाले पाहिजे, कंपनीला कशाला?’ हा युक्तिवाद मीही पहिल्या फेरीत केला, शेवटच्या रात्री काउंटरवर चाळीस मिनिटे रांगेत उभा राहिलो, टिप काढून घेतली आणि केबिन आवरणाऱ्या इंडोनेशियन तरुणाला तसेच वेटरला पाकिटे दिली. दोघांनी हात जोडले. पुढे त्याच जहाजावरच्या एका गोवेकर कर्मचाऱ्याने सांगितले की ज्या प्रवाशाने आपोआपची टिप काढली आहे, त्याच्याकडून मिळालेली रोख रक्कम सामाईक निधीत जमा करावी लागते. हा नियम सर्वच कंपन्यांचा नाही, पण काहींचा आहे; आणि जेथे तो आहे तेथे हातात देण्याचा सगळा उद्देशच मावळतो, शिवाय निधीत पोहोचलेली रक्कम मूळ टिपपेक्षा बहुधा कमीच भरते.

हा मार्ग कोणे एके काळी योग्य होता, हे मात्र मान्य केले पाहिजे. पूर्वी प्रत्येक कुटुंबाला रोज रात्री ठरावीक वेळी ठरावीक टेबल मिळे, तोच वेटर, तोच त्याचा साहाय्यक आणि तोच हेड वेटर आठवडाभर वाढत असे, आणि शेवटच्या रात्री प्रत्येकाला वेगळे पाकीट देण्याची रीत होती. २००० च्या सुमारास नॉर्वेजियनने हवे तेव्हा, हव्या त्या उपाहारगृहात जेवण्याची पद्धत आणली, ती इतरांनी आपापल्या परीने उचलली, आणि मग रोज वेगळा माणूस वाढू लागल्यावर पाकीट नेमके कोणाला द्यायचे हा प्रश्न उभा राहिला. आपोआप लागणाऱ्या टिपचा प्रसार या बदलाबरोबरच झाला. तिच्यातला वाटा आपल्याला न दिसणाऱ्या माणसांकडेही जातो: बुफेतल्या बश्या उचलणारे, केबिनच्या चादरी धुणारे, स्वयंपाकघराच्या मागच्या बाजूला राबणारे. दिसणाऱ्या दोघांना पाकीट देऊन न दिसणाऱ्या दहांचा वाटा काढून घेणे, हा तिसऱ्या मार्गाचा खरा दोष आहे.

कर्मचाऱ्यांची बाजू येथे थोडी विस्ताराने पाहणे भाग आहे. यांतील बहुसंख्य फिलिपिन्स, इंडोनेशिया आणि भारतातून आलेले असतात, करार सहा ते नऊ महिन्यांचा असतो आणि जेवणाच्या व केबिनच्या विभागांत मूळ पगार बेताचा ठेवून उत्पन्नाचा मोठा भाग टिपवर सोपवलेला असतो. सागरी कामगारांच्या २००६ च्या आंतरराष्ट्रीय करारात कामाची मर्यादा आठवड्याला कमाल ७२ तास किंवा विश्रांती किमान ७७ तास अशी दोन प्रकारे मांडली आहे; दुसरा प्रकार लावला तर गणिताने ९१ तासांपर्यंत काम बसते, तेही आठवड्याच्या सुट्टीवाचून. कंपनीने पगारातच हे सर्व द्यावे, प्रवाशावर का टाकावे, हा आक्षेप तत्त्वतः मला पटतो. तथापि टिप काढून घेतल्याने कंपनीचे काही बिघडत नाही. त्याची झळ चादर बदलणाऱ्याला लागते.

तत्त्वाचा आग्रह असेलच तर चौथा मार्ग आहे: टिप भाड्यातच धरणारी कंपनी निवडणे. रीजंट सेव्हन सीज, सिल्व्हरसी, सीबोर्न या महागड्या कंपन्या असे करतात, आणि ब्रिटनच्या पी अँड ओ क्रूझेसने २०१९ मध्ये रोजचे सेवाशुल्क बंद करून ते भाड्यात सामावले. मनाची शांतता येथे खरी मिळते. पण पहिल्या तीन कंपन्यांचे भाडे साध्या जहाजाच्या कित्येक पट असते, तेव्हा केवळ टिपचा प्रश्न टाळण्यासाठी कोणी त्या वाटेला जाऊ नये.

भारतीय जहाजाचा हिशोब वेगळा आणि सोपा आहे. कॉर्डेलिया क्रूझेसचे ‘एम्प्रेस’ हे जहाज, जे पूर्वी रॉयल कॅरिबियनकडे ‘एम्प्रेस ऑफ द सीज’ या नावाने होते, सप्टेंबर २०२१ पासून मुंबईहून निघू लागले. तेथे बुकिंगच्या हिशोबात भाडे, बंदराचे शुल्क, ग्रॅच्युइटी आणि जीएसटी या ओळी वेगवेगळ्या दिसतात, त्यामुळे टिप बहुधा तिकीट काढतानाच दिली जाते आणि प्रवाशाला पुढचा निर्णय उरत नाही. जाहिरातीतल्या भाड्यावर न जाता एकूण रकमेवर तुलना करावी, एवढेच पाहायचे. वरचे काही द्यायचे झाल्यास रुपयांच्या नोटा चालतात, भाषेची अडचण येत नाही. पहिलीच फेरी असलेल्या आणि या सगळ्या प्रकाराने बिचकणाऱ्या ज्येष्ठांसाठी हे जहाज मला परदेशी जहाजापेक्षा सोयीचे वाटते.

आता वरचे, म्हणजे आपोआपच्या टिपखेरीज हातात द्यायचे. ते बंधनकारक नाही, आणि जेवणाच्या व केबिनच्या सेवेत येथे फरक करावा. केबिन आवरणारा कर्मचारी बहुधा पूर्ण प्रवासात एकच असतो, त्यामुळे त्याला देणे सरळ आहे; मात्र अनेक जहाजांवर आता सफाई दिवसातून एकदाच होते, तेव्हा पूर्वीच्या दुहेरी सेवेइतकी अपेक्षा आणि तेवढी टिप दोन्हीही कमी धरायला हरकत नाही. चार रात्रींसाठी दहा ते पंधरा डॉलर पुरेसे शोभतात. ते शेवटच्या दिवसापर्यंत न थांबता अर्धे दुसऱ्या दिवशी देणारेही आहेत. ती लाच वाटू नये म्हणून मी शेवटी देतो, पण ज्यांच्यासोबत चाकाची खुर्ची वापरणारे वडील किंवा तान्हे बाळ आहे त्यांनी आधी दिल्यास मला वावगे वाटत नाही.

जेवणाच्या बाबतीत आधी ठरवावे की आपले टेबल ठरावीक आहे की रोज बदलते. ठरावीक असेल तर वेटरला दहा-पंधरा आणि त्याच्या साहाय्यकाला त्याच्या निम्मे द्यावेत. रोज बदलत असेल तर वेगळे काही न दिले तरी चालते. अपवाद हेड वेटरचा. आपल्याकडच्या अनेक कुटुंबांना कांदा-लसूण नसलेले किंवा जैन जेवण हवे असते, आणि आदल्या रात्री विचारून दुसऱ्या दिवशी ते स्वयंपाकघरातून करवून आणण्याचे काम हेड वेटर करतो. त्याने असे रोज केले असेल तर त्याला वेटरपेक्षा जास्त द्यावे, कारण यात त्याला रोज जास्तीची खटपट करावी लागते.

पेयांच्या आणि वेगळे पैसे घेणाऱ्या उपाहारगृहांच्या बाबतीत सावध राहावे. तेथे बिलात १८ ते २० टक्के टिप बहुधा आधीच धरलेली असते आणि तरीही सहीच्या वर ‘अतिरिक्त टिप’ अशी रिकामी ओळ असते; ती रिकामी ठेवून खाली सही करण्यात काहीही अशिष्ट नाही. कॅप्टन, इतर अधिकारी आणि डॉक्टर यांना टिप देत नाहीत, ते त्यांना अवघडल्यासारखे होते. अमेरिकेतल्या बंदरावर बॅगा उचलणारे हमाल जहाजाचे नोकर नसतात, त्यांना बॅगेमागे एक-दोन डॉलर वेगळे द्यावे लागतात.

नोटा शक्यतो डॉलरच्या किंवा सिंगापूरहून निघालेल्या जहाजावर सिंगापुरी डॉलरच्या असाव्यात, आणि लहान किमतीच्या. नाणी देऊ नयेत, कारण ती परदेशात कोणी बदलून देत नाही. आमच्या घरातून निघताना पत्नीने इतवारीतून अहेराची पाकिटे आणली होती, ज्यांवर एक रुपयाचे नाणे चिकटवलेले असते. तेवढे नाणे आम्ही शुभ म्हणून राहू दिले, आत डॉलर ठेवले आणि सोबत कर्मचाऱ्याचे नाव, आमचा केबिन क्रमांक व आभाराच्या दोन इंग्रजी ओळी लिहिल्या. प्रवासानंतर येणाऱ्या अभिप्रायाच्या अर्जातही तेच नाव पुन्हा लिहावे. वरिष्ठांकडे नोंद होते ती त्या नावाची, पाकिटाची नव्हे.